दवाखान्याच्या पायरीशी: तरुण मुलं, तरुण मुली

डॉक्टरकडे जायला पुरुष टाळाटाळ करतात आणि बायका वेळेवर जातात, असं मानसशास्त्राच्या पुस्तकांत हमखास वाचायला मिळतं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये या विषयावर भरपूर संशोधन झालं आहे. मायकेल अ‍ॅडिस आणि जेम्स महालिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा लेख त्यात नेहमी पुढे केला जातो. मुलगा वाढवताना 'सहन कर, रडू नको' हे जे शिकवलं जातं, त्यातून मदत मागणं म्हणजे कमीपणा असं त्याच्या मनात बसतं, असा त्या लेखाचा सूर आहे. ते पटण्यासारखं आहे. पण हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे आणून बसवला तर अडचण होते. आपल्या घरांत 'दुखणं अंगावर काढते' हे वाक्य बहुतेक वेळा आईबद्दल, वहिनीबद्दल, नव्या सुनेबद्दल बोललं जातं.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात २०१६ या एका वर्षात सुमारे २३.७७ लाख भेटींची नोंद झाली. प्रसूती आणि स्त्रीरोग विभाग त्यातून वगळला होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा बाईच्या एका भेटीमागे पुरुषांच्या १.६९ भेटी निघाल्या. रुग्ण ज्या राज्यांतून आले, तिथल्या लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा ही तफावत कितीतरी मोठी होती. ती सगळ्यात जास्त होती तिशीच्या आतल्या आणि साठीच्या पुढच्या वयात. म्हणजे देशातल्या सर्वांत नामवंत आणि फुकट किंवा नाममात्र पैशांत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयात तरुण मुली मुलांपेक्षा कितीतरी कमी पोहोचत होत्या.

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातले जवळपास ७२ टक्के पुरुष, आणि सुमारे ३५ टक्के लोक १८ ते ३० या वयातले. २२,७४६ हा राज्यांतला सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे. एकट्याने एसटीत बसून तालुक्याला किंवा जिल्ह्याला जायला या तरुण मुलांना कुणी अडवलेलं नव्हतं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले की पाश्चात्त्य सूत्र अपुरं पडतं. आपल्या तरुण मुलीला जाण्याची मोकळीक नाही आणि तरुण मुलाला बोलण्याची सवय नाही. आणि गोष्ट एवढ्यावरही थांबत नाही. दोघांपैकी कुणी धीर करून बोललंच, तर ऐकणारा त्या बोलण्याचा ठरावीक अर्थ लावतो. मुलीची प्रत्येक तक्रार गर्भाशयाकडे आणि लग्नाकडे वळवली जाते, मुलाची 'शक्ती'कडे नाहीतर दारूकडे. माझ्या मते खरं दुखणं इथे आहे आणि सल्ला मिळण्यातला स्त्री-पुरुष भेद त्यातूनच पोसला जातो.

कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी तासभर बसलं तरी हे दिसतं. केसपेपर मुलीच्या नावाचा असतो, पण तो आईच्या हातात असतो. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" उत्तर आई देते, "पोटात लय दुखतं हिच्या, महिन्याचं." "पाळी कधी आली होती?" यावरही आईच बोटं मोजून सांगते. मुलगी टेबलावरच्या स्टेथोस्कोपकडे बघत असते. मग डॉक्टरांचा प्रश्न येतो, "लग्न झालंय?" "नाही हो, अजून शिकतेय." त्यानंतर पुढचे प्रश्न विचारलेच जात नाहीत. ताण आहे का, झोप लागते का, कुणी त्रास देतं का, कुणाशी संबंध आहे का, यातलं काही नाही. पडद्यामागे आणखी दोन बायका ताटकळत उभ्या, दाराशी रांग, डॉक्टरांवर शंभर रुग्णांचा भार. लोहाच्या आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन माय-लेकी बाहेर पडतात. यात डॉक्टर वाईट नाहीत आणि आईही वाईट नाही. पण त्या मुलीला स्वतःच्या तोंडाने एक वाक्यसुद्धा बोलायला मिळालेलं नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बाजार, दवाखाना आणि गावाबाहेरचं ठिकाण या तिन्ही ठिकाणी एकटीने जाण्याची मुभा देशातल्या ४२ टक्के स्त्रियांनाच असल्याचं दिसलं. स्वतःच्या उपचारासाठी जाण्यात किमान एक तरी मोठी अडचण येते, असं सांगणाऱ्या स्त्रिया ६० टक्के होत्या. पैसे नाहीत, अंतर फार, सोबत कुणी नाही, दवाखान्यात बाई डॉक्टर नाही, अशा या अडचणी. सोबत मिळाली की जाता येतं, पण सोबतीसमोर बोलता येत नाही. हा पेच विशीतल्या मुलीइतका कुणाच्याच वाट्याला येत नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेल्या कामाची इथे आठवण ठेवायला हवी. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. तोवर सरकारी आरोग्ययंत्रणेच्या लेखी बाई म्हणजे गरोदर बाई किंवा नसबंदीची लाभार्थी. मधल्या सगळ्या वर्षांत तिच्या अंगाला काय होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. विचारणारी बाई समोर आली, विश्वास बसला, तेव्हा बायका बोलल्या. बायका मुळात लाजाळू म्हणून बोलत नाहीत, या समजुतीला त्या दोन गावांनी उत्तर दिलं.

पण बाईने बोलणं आणि तिचं नीट ऐकलं जाणं यांतही अंतर आहे. 'अंगावरून पांढरं जातं' ही आपल्याकडच्या तरुण स्त्रियांची सगळ्यात नेहमीची तक्रार. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात १८ ते ४५ वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं निघालं, की या तक्रारीचा प्रजननमार्गातल्या जंतुसंसर्गाशी असलेला संबंध बेताचा होता. मनाचा ताण, उदासी आणि अंगदुखी-थकव्यासारख्या त्रासांशी तिचं नातं त्याहून बळकट होतं. घरातली घुसमट बाई शरीराच्या भाषेत सांगत होती, कारण त्या भाषेत सांगितलं तरच दवाखान्यात जायला मिळतं. तिला मिळत मात्र होतं प्रतिजैविकांचं पाकीट.

बीड जिल्ह्यात याच तक्रारीचं पुढे काय झालं, ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. ऊसतोडीला जोडीने जावं लागतं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. पोटात दुखतं, पांढरं जातं म्हणून बाई खाजगी दवाखान्यात गेली की 'पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' असं सांगितलं जायचं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जे सर्वेक्षण आलं, त्यात ऊसतोड कामगार ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. यातल्या कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या, कमी वयात लग्न होऊन लवकर दोन-तीन मुलं झालेल्या. बायका सल्ला मागायला जातच नाहीत, असं या स्त्रियांबद्दल म्हणता येणार नाही. त्या गेल्या होत्या, पैसे मोजून गेल्या होत्या. कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढच्या हंगामात पुन्हा कोयता हाती धरला. पाळी गेली म्हणजे खाडा वाचला, हा हिशेब त्यांच्यावर लादणाऱ्या व्यवस्थेबद्दल बोलल्याशिवाय 'आरोग्यविषयक जागृती' हा शब्द उच्चारायचा आपल्याला हक्क नाही, असं मला वाटतं.

मुलग्यांच्या बाजूला पांढरं जाण्याची जुळी तक्रार आहे: धातू जाणं. लघवीवाटे किंवा झोपेत वीर्य गेलं म्हणून अशक्तपणा आला, चेहरा उतरला, अभ्यासात लक्ष लागत नाही, लग्नाची भीती वाटते, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुणांच्या या अवस्थेला डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. वीर्य जाणं ही नैसर्गिक गोष्ट, तिने अशक्तपणा येत नाही. त्या तक्रारीमागे बहुतेकदा चिंता, अपराधीपणा नाहीतर नैराश्य असतं. पण मुलगा मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही. तो आधी मेडिकलच्या दुकानात जातो. गर्दी ओसरेपर्यंत कडेला मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहतो आणि मग हळूच म्हणतो, "दादा, अशक्तपणाचं काहीतरी द्या ना." दुकानदार टॉनिकची बाटली काढतो. तिनेही काही झालं नाही की रेल्वेमार्गाच्या भिंतींवर रंगवलेली नावं आहेतच: गुप्तरोगतज्ज्ञ, एकच भेट, खात्रीशीर इलाज. या भिंतींनी किती पिढ्यांची लूट केली असेल! तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. महाराष्ट्रातल्या तरुण पुरुषाला त्याच्या मनातल्या भीतीविषयी 'ये, बोल' असं म्हणणारी जागा बराच काळ त्या भिंतीवरच होती.

अपवाद होते, आणि ते आपले अभिमानाचे आहेत. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते चाललं. वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ, शास्त्रीय उत्तरं देणं हा त्यांच्या लेखी आरोग्यसेवेचाच भाग होता. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले. माणसाला आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारता आला पाहिजे आणि त्याला जाणत्याने उत्तर दिलं पाहिजे, ही बाजू कर्व्यांनी मराठीत एवढ्या आधी मांडली होती. पुढे २००५ पासून मुंबईत डॉ. महिंदर वत्स यांनी इंग्रजी वर्तमानपत्रातून हेच काम केलं. २०२० च्या डिसेंबरात ते ९६ व्या वर्षी गेले, तोवर त्यांनी हजारो पत्रांना उत्तरं दिली होती. त्यांतही हस्तमैथुनाविषयीच्या आणि लिंगाच्या आकाराविषयीच्या शंका पुन्हा पुन्हा येत राहिल्या. निनावी विचारता आलं की मुलगेही विचारतात.

शाळेने मात्र पाठ फिरवली. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला विरोध केला आणि आपल्या शाळांतून तो थांबला. त्याच सुमारास लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांत १५ ते २४ वयोगटातल्या तरुणांचं सर्वेक्षण केलं. लैंगिक किंवा कौटुंबिक जीवनाचं कुठलंही शिक्षण मिळालेले मुलगे आणि मुली दोन्हीकडे जेमतेम १५ टक्के निघाले. या अज्ञानात तरी स्त्री-पुरुष समानता होती.

मनाच्या आजारांत भेद आणखी स्पष्ट होतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत नैराश्य-चिंतेसारख्या आजारांत सुमारे ८५ टक्के आणि दारूच्या व्यसनात सुमारे ८६ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. उपचारापर्यंत न पोहोचणं दोन्हीकडे सारखंच, पण माणसं वेगळी. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेने केलेल्या आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या दोन अभ्यासांकडे पाहा. दोन्हींत गावातल्याच, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी मदत केली. नैराश्याच्या अभ्यासातल्या ४९५ जणांत सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. दारूच्या अभ्यासात ३७७ जण होते आणि सगळे पुरुष. राज्य तेच, केंद्रं त्याच धर्तीची, पण बाहेरच्या बाकावर बसणारी माणसं वेगळी. बाईचं दुःख रडण्यातून, अंगदुखीतून, झोप उडण्यातून बाहेर येतं, म्हणून त्याला 'नैराश्य' हे नाव लवकर मिळतं. पुरुषाचं दुःख ग्लासात उतरतं आणि घरचे, शेजारचे, कधीकधी डॉक्टरही त्याला 'बेवडा' म्हणून मोकळे होतात. दोन्ही अभ्यासांत थोड्याच बैठकांच्या समुपदेशनाचा चांगला उपयोग झाला, ही त्यातली आशेची गोष्ट.

आत्महत्येच्या आकड्यांत पुरुष जास्त म्हणून तरुण स्त्रियांचं दुखणं हलकं समजू नये. २०१६ मध्ये जगभर झालेल्या स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ३६.६ टक्के एकट्या भारतात झाल्या, असा अंदाज 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'ने २०१८ मध्ये दिला. लग्न आणि घर स्त्रीचं रक्षण करतं ही समजूत या आकड्यापुढे टिकत नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के जणींनीच कुणाकडे मदत मागितली होती. चारांतल्या तिघींहून जास्त जणींनी तर कुणाला सांगितलंही नव्हतं. ज्या बाईला 'बोलकी' समजून आपण पुरुषांना तिचं उदाहरण देतो, तीच सगळ्यात मोठी गोष्ट गिळून बसलेली असते.

सगळं आता मोबाइलवर मिळतं, असं म्हणणारेही भेटतात. पण २०१९-२१ मध्ये आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. शिवाय पुष्कळ मुलींचा फोन घरात फिरतो. भाऊ बघतो, सासू उचलते, नवरा हिस्टरी तपासतो. मुलाचा फोन त्याचा स्वतःचा असतो, पण 'अशक्तपणा' टाइप केला की भिंतीवरचीच जाहिरात आता व्हिडिओच्या रूपाने समोर येते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन (१४४१६) दोघांच्याही उपयोगाची आहे. मराठीतून बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. एसटी स्टँडच्या आणि कॉलेजांच्या भिंतींवर हा आकडा ठळक रंगवायला हवा.

सरकारी धोरणातही हाच साचा दिसतो. २००५ पासून गावोगाव आशाताई आल्या. निकष असा, की ती गावचीच, शक्यतो गावची सून असावी. लग्न झालेल्या बाईसाठी ही फार मोठी सोय झाली. रात्री-अपरात्री तिच्यासोबत दवाखान्यात जाणारी कुणीतरी मिळाली. पण लग्न न झालेली एकोणीस वर्षांची मुलगी आपल्या चुलत वहिनीला काय काय सांगणार? आणि बावीस वर्षांच्या पोराकडे तर आशाताई कुठल्या कारणाने जाणार? सप्टेंबर २०२२ मध्ये राज्याने स्त्रियांच्या तपासणीची मोठी मोहीम काढली, तिचं नाव 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित'. पुढच्या वर्षी १८ वर्षांवरच्या पुरुषांसाठी मोहीम आली, ती 'निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे'. दोन्ही मोहिमा स्तुत्यच होत्या. पण बाई आई म्हणून तपासायची आणि पुरुष तरुण म्हणून, ही विभागणी आपल्या किती अंगवळणी पडली आहे!

संततिनियमनात तर भार एकाच खांद्यावर आहे. महाराष्ट्रात लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्के जणींची शस्त्रक्रिया झालेली आहे, पुरुष नसबंदी अर्धा टक्काही नाही. देशातले ३५ टक्के पुरुष म्हणतात, संततिनियमन ही बायकांची बाब आहे. मग त्या विषयावर त्यांना सल्ला विचारायची गरज तरी का वाटावी?

कायदा बऱ्याच बाबतींत समाजाच्या पुढे गेला आहे. गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची एकटीची संमती १९७१ पासून पुरेशी आहे. २०२१ च्या दुरुस्तीत 'पती'च्या जागी 'जोडीदार' आला आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या टप्प्यातही अविवाहित स्त्रीला विवाहितेइतकाच हक्क असल्याचं सांगितलं. तरी कितीतरी दवाखान्यांत 'नवऱ्याची सही आणा' हेच ऐकू येतं. अठराच्या आतल्या मुलीचा पेच वेगळा. बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या पोक्सो कायद्यानुसार तिचे लैंगिक संबंध पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे, त्यामुळे संमतीच्या नात्यातली सतरा वर्षांची मुलगीही सरकारी दवाखाना टाळते आणि मेडिकलवरून मिळतील त्या गोळ्या घेते. अशा मुलीचं नाव डॉक्टरने उघड करण्याची गरज नाही, असं न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केलं, पण हे तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत झिरपायला हवं. मुलगा-मुलगी या दोन रकान्यांत न बसणाऱ्यांना तर केसपेपरपासूनच झगडावं लागतं. मुंबईत १९९४ पासून काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांनी त्यांच्यासाठी दार उघडलं नसतं, तर हा प्रश्न आरोग्यसेवेच्या नोंदीतही आला नसता.

जिथे कुणी मनापासून ऐकलं, तिथे चित्र पालटलेलं दिसतं. डॉ. राणी बंग यांची 'तारुण्यभान' शिबिरं शरीर, प्रेम, लग्न, व्यसन हे सगळे विषय मुला-मुलींसमोर मोकळेपणाने मांडतात. १९९३ मध्ये सुरू झालेली मुंबईची 'मावा' संस्था कॉलेजातल्या मुलग्यांसोबत पुरुषपणाविषयी, हिंसेविषयी, लैंगिकतेविषयी बोलत आली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांकरवी नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ही वाढ स्त्री-पुरुष आणि सगळ्या जाती-गटांत सारखी वाटली गेली होती. ज्या विदर्भात शेतकरी पुरुष 'बोलतच नाही' असं आपण धरून चालतो, तिथली ही गोष्ट आहे.

यात फार मोठा खर्चही लागत नाही. मुंबईत २०२२ पासून उघडलेले 'आपला दवाखाना' रात्री दहापर्यंत चालतात, म्हणून कामावरून सुटलेला डिलिव्हरीवाला मुलगा तिथे जाऊ शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्राची सकाळची ओपीडी त्याला कधीच गाठता येणार नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी तालुक्याच्या रुग्णालयात तरुणांसाठी वेगळी ओपीडी ठेवता येईल. मुलग्यांशी बोलणारा पुरुष समुपदेशक आणि मुलींशी बोलणारी बाई समुपदेशक नेमता येईल. आणि मुलगी आईसोबत आली असेल, तर डॉक्टरांनी एवढंच म्हणायचं, "काकू, तुम्ही पाच मिनिटं जरा बाहेर बसा, मी हिच्याशी बोलते." हा नियम लेखी काढून प्रत्येक ओपीडीच्या दारावर लावला, तर कुठल्याही डॉक्टरला संकोच वाटणार नाही आणि कुठल्याही आईला राग येणार नाही.